अडकलेली हवा

तेवीस सेकंदांची चित्रफीत संपली.

पडद्यावर शेवटची चौकट थिजून राहिली होती: ओल्या, गुलाबी पोकळीत साचलेले स्वच्छ पाणी आणि त्या पाण्याच्या डाव्या कडेला, मागून वर आलेला, मोहरीएवढा एक बुडबुडा. डॉक्टर सुधन्वा चिवटे पलंगाच्या कडेवर बसले होते. रुग्णाचा हिरवा झगा छातीपर्यंत वर घेतलेला, पाय खाली लोंबकळत. समोर स्टुलावर सिस्टर रिबेका आवळे. तिच्या हातात जांभळ्या शाईचे पेन होते आणि त्याचे टोक डॉक्टरांच्या बेंबीच्या उजवीकडे, कातडीपासून बोटभर अंतरावर थांबले होते. खाली मिरजेच्या रेल्वे यार्डात डबे जोडत असल्याचा धक्का दोनदा ऐकू आला.

"जरा पुढे वाका, सर," रिबेका म्हणाली. "पोटाला घडी कुठे पडते ते बघायचंय."

ते वाकले. चाळीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांना वाकायला लावले होते. गुदाशयाचा कर्करोग काढून टाकल्यावर आतड्याची दोन टोके जोडतात. तो जोड कच्चा वाटला तर तो भरून येईपर्यंत पोटावर आतड्याचे एक तात्पुरते तोंड काढून मळ पिशवीत वळवावा लागतो. ते तोंड घडीत येऊ नये, पट्ट्याखाली दबू नये, रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे, म्हणून दोन दिवस आधी सिस्टर येऊन जागा आखून जाते. बहुतेकांच्या पोटावरची ती खूण न वापरताच पुसली जाते.

रिबेकाने वर्तुळ काढले, मध्ये टिंब दिले आणि टोपण लावले.

"ही फीत तुमच्याकडे कशी?" चिवट्यांनी विचारले.

"वर्गीकरणाला आली होती. सहा वर्षांपूर्वी."

"आणि दाखवताय आज."

"आज झगा तुमच्या अंगावर आहे, सर."

*

फीत अकरा वर्षांपूर्वीची होती. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रिबेकाचा धाकटा भाऊ शमुवेल होता. नगरपालिकेच्या तलावावर तो मुलांना पोहायला शिकवी. पाण्याखाली गेलेले पोर घाबरले आहे की मजा करते आहे, हे तो वर येणाऱ्या बुडबुड्यांवरून सांगत असे आणि काठावर डबा घेऊन बसलेल्या बहिणीलाही त्याने ते वाचायला शिकवले होते. नात्यातल्या माणसाच्या शस्त्रक्रियेला परिचारिकेने उभे राहू नये असा संकेत आहे. पण रिबेकाने विनंती केली आणि चिवट्यांनी ती उदारपणे मान्य केली. त्या उदारपणाचे ओझे ती दीर्घकाळ वागवत राहिली.

चिवट्यांच्या थिएटरात एक रिवाज होता. दिवसभराच्या सगळ्या शस्त्रक्रियांच्या तपासपत्रकांवर परिचारिकेच्या सह्या सकाळच्या चहाबरोबरच होऊन जात. सुया पूर्ण, बोळे पूर्ण, जोड तपासला, बुडबुडा नाही: अजून घडायच्या असलेल्या गोष्टींखाली, घडून गेल्याची सही. संध्याकाळी दमलेल्या हातांनी कागद काळे करत बसायला आपण काय तलाठी आहोत, असे चिवटे म्हणत आणि सगळे हसत. रिबेकाही हसे. त्या सकाळीही तिने सही केली. चहात वेलची होती, हे तिला अजून आठवते.

जोड तपासायची रीत अगदी साधी आहे. सायकलच्या दुकानात फुगवलेली ट्यूब पाण्यात बुडवून बघतात, तशी. ओटीपोटाच्या पोकळीत सलाईन भरायचे, खालून आतड्यात हवा सोडायची आणि पाण्याकडे बघायचे. जोड पक्का असेल तर पाणी हलत नाही. त्या दिवशी ते हलले नाही. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, हवा बंद झाली आणि मग, सगळ्यांच्या नजरा पाण्यावरून उठल्यानंतर, मागच्या डाव्या कडेने तो एकटा बुडबुडा वर आला.

"सर, बुडबुडा," रिबेका म्हणाली होती.

"अडकलेली हवा आहे, सिस्टर." चिवट्यांनी मान वर केली नव्हती. "भाऊ आहे म्हणून पाणी तुमच्याच डोळ्यांत आलंय. बुडबुडे दिसायचेच."

मुखवट्यांमागे कोणीतरी हसले. बाहेर पुढचा रुग्ण ट्रॉलीवर होता.

पाचव्या दिवशी शमुवेलच्या पोटात विष पसरले आणि सहाव्या दिवशी तो गेला. नोंदीत लिहिले गेले: जोड उत्तम, मृत्यू हृदयविकाराने. रिबेकाने तक्रार केली, चौकशी झाली. समितीच्या अध्यक्षांनी ते पत्रक रिबेकापुढे सरकवले, चष्मा काढला आणि सही तुमचीच ना, एवढेच विचारले. ती तिचीच होती. महिनाभरात तिची थिएटरातून स्टोमा कक्षात, म्हणजे पोटावर आतड्याचे तोंड काढलेल्यांच्या कक्षात, बदली झाली.

*

गुदाशयाचा कर्करोग हा अरुंद जागेतला रोग आहे. ओटीपोटाच्या हाडांच्या कटोऱ्यात, मूत्राशयाच्या मागे, माकडहाडाच्या पुढे, वीतभर जागेत सगळे दाटीने नांदत असते. गुदाशयाभोवती मेदाचे एक आवरण असते आणि रोग पसरतो तो आधी त्या आवरणात. ते कुठेही न फाटता, अखंड बाहेर यावे लागते. आवरण आणि कटोऱ्याची भिंत यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी एक विरळ फट असते. तिच्यातून चालत राहिले तर रक्ताचा थेंबही येत नाही. केसभर आत सरकले तर रोग मागे राहतो. केसभर बाहेर सरकले तर लघवीच्या आणि शरीरसुखाच्या नसा तुटतात आणि माणूस वाचून अर्धा होतो. पूर्वी त्यासाठी पोट उभे चिरत. मग चार छिद्रांतून दुर्बीण आली, मग यंत्राचे बाहू आले. आता अनुहस्त नावाचा, स्वतःच शस्त्रक्रिया करणारा यंत्रहात आला होता. तो बेंबीतल्या एकाच छिद्रातून आत शिरे आणि त्याला चालवणारा हातच उरला नव्हता.

उरली होती ती हाताची सवय. अनुहस्ताला हालचाली पाठ करायला लावलेल्या नव्हत्या. त्याला थबकणे शिकवले होते. कुठे पाते मंदावले, कुठे चिमटा सोडून पुन्हा धरला, कुठे जाणता हात काही न करता दोन श्वास थांबला: अशा लाखो थबकण्यांतून त्याचा विवेक विणला गेला होता. पुढे त्यात इतरांचे हात मिसळले, पण पाया एकाच माणसाचा. चिवट्यांच्या अकराशे साठ शस्त्रक्रिया. कोणत्याही पेचात अनुहस्त स्वतःला दोनच प्रश्न विचारी: अशा जागी त्या हाताने काय केले, आणि मग रुग्णाचे काय झाले? पहिल्याचे उत्तर चित्रफिती देत. दुसऱ्याचे उत्तर नोंदी देत आणि नोंदी माणसांनी लिहिलेल्या होत्या.

फितींचे वर्गीकरण करायला अनुभवी परिचारिका हव्या होत्या. रिबेका दिवसा रुग्णांच्या पिशव्या बदली आणि तिसऱ्या प्रहरी दोन तास त्या खोलीत बसून पडद्यावरच्या आतड्यांना नावे देई. तिथे एके दिवशी तिच्यापुढे शमुवेलचे आतडे आले. फितीवर नाव नसते. पण ज्या देहाला तिने लहानपणी तेल लावून आंघोळ घातली होती, त्याचा चेहरा झाकलेला असला तरी ती फसणार नव्हती. तारखेने उरलेली शंका मिटवली.

मग तिने शोधून काढले. उशिरा येणारा एकटा बुडबुडा चिवट्यांच्या अकराशे साठ फितींत फक्त नऊ ठिकाणी होता. नऊही वेळा हाताने त्याच्याकडे दुर्लक्ष केले होते. नऊही नोंदी म्हणत होत्या: जोड उत्तम. आठ खऱ्या होत्या. एक खोटी होती. त्या एकीमुळे अनुहस्त ठामपणे शिकला होता की असा बुडबुडा म्हणजे अडकलेली हवा, पुढे चला. नवव्या नोंदीत सत्य असते, तर तोच अनुहस्त त्या जागी थांबला असता. एका मृत्यूचे वजन आठ सुटकांपेक्षा जास्त धरायचे, एवढे त्याला मुळातच शिकवलेले होते.

तिने अनुहस्ताच्या रचनाकारांना लिहून कळवले. उत्तर तीन ओळींचे आले: मूळ नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार केवळ शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदास आहे. तिने आणखी दोनदा लिहिले. दोन्ही वेळा तेच उत्तर, त्याच स्वल्पविरामांसह.

दोन वर्षांपूर्वी जुन्या परिचारिका मोठ्या शहरांत निघून गेल्या, तेव्हा स्टोमा कक्ष सांभाळून तिला थिएटरातही परत बोलावण्यात आले. आता पाण्याकडे कोणी बघत नसे. अनुहस्ताच्या पडद्यावर हिरवी रेघ उमटली की सगळे हातमोजे काढायला लागत. रिबेका मात्र पाण्याकडे बघत राही. एकदा, कवठ्याच्या एका शिक्षिकेच्या शस्त्रक्रियेत, तो बुडबुडा आला. रिबेका बोलली. यंत्राशेजारी बसलेल्या डॉक्टर नूपुर हेरवाडे यांनी तिच्या शब्दाखातर यंत्र थांबवले, जोडाला चार टाके जास्त घातले. यंत्राने ती घटना 'अनावश्यक व्यत्यय' म्हणून नोंदवली. ती शिक्षिका महिन्याभरात शाळेत जाऊ लागली.

रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून प्रार्थना म्हणत. अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीपाशी रिबेका ओठ मिटून घेई आणि पुढच्या ओळीपासून पुन्हा सगळ्यांत मिसळे. शेजारी उभ्या असणाऱ्यांना ते कधी कळले नाही.

मग या वर्षी चिवट्यांना शौचावाटे रक्त पडू लागले. तपासण्या झाल्या. रोग अगदी खालच्या टोकाला होता. वर्तमानपत्रांत त्यांचा फोटो आला: ज्या हाताने अनुहस्ताला घडवले, तोच हात आता त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणार. कोणाचा हात हवा, असे त्यांना विचारण्यात आले होते. स्वतःचा, असे त्यांनी हसून सांगितले होते.

*

"नऊपैकी नऊ," चिवटे पुटपुटले. समजायला त्यांना वेळ लागला नव्हता. रुग्ण झाले तरी ते शल्यविशारदच होते. "माझा जोड फार खाली येणार. वर किरणांचा मारा झालेला. गळण्याची शक्यता दहात एक."

"तुम्हीच शिकवलंय ते."

त्यांनी झगा खाली ओढला. मग ते एकेक वाट चाचपत गेले आणि रिबेका प्रत्येक वाटेच्या तोंडाशी उभी राहिली. नूपुर त्यांची विद्यार्थिनी. तिला पाण्यावर नजर ठेवायला सांगता येईल, असे ते म्हणाले. जरूर सांगा, रिबेका म्हणाली, पण कशासाठी ते त्या विचारतील, कारण तुम्ही त्यांना कारण विचारायला शिकवलंय. तर मग तुम्हालाच थिएटरातून वगळायला सांगतो, ते म्हणाले. त्यालाही तिची हरकत नव्हती. फक्त त्या दिवशी पाण्याकडे कोण बघणार, तेवढे ठरवून ठेवावे.

"पत्रकावर तुमचीही सही आहे, आवळे." त्यांचा आवाज आता थिएटरातला झाला होता. "मी बुडालो तर तुम्ही कोरड्या राहाल असं समजू नका."

"दुरुस्तीच्या अर्जात तेही लिहिलंय. त्याच्याखाली माझी सही झालीय, सर. या वेळी वाचून केली."

चिवट्यांनी पडद्याकडे पाहिले. मग त्यांनी विचारले, "काय हवंय तुम्हाला?"

"नोंद खरी व्हायला हवीय."

"सूड हवाय तुम्हाला."

"तोही."

शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी होती. नोंद बदलली की अनुहस्ताला सगळे पुन्हा शिकायला एक रात्र लागणार होती. बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत, एवढे सांगून तिने पेन खिशात अडकवले. अर्ज पडद्यावर उघडाच ठेवला होता.

*

बुधवारी सकाळी चिवट्यांनी नूपुरला बोलावले आणि जोड नकोच, असे सांगितले. आतडे कायमचे पोटावर आणावे, जोडच नाही तर गळणेही नाही. नूपुर हेरवाडे ही बत्तीस वर्षांची, शब्द तोलून वापरणारी बाई. तिला वाटले, सर घाबरले आहेत. जोड शक्य असताना आयुष्यभराची पिशवी देणे हा शल्यविशारदाचा आळस आहे, हे वाक्य तुमचेच आहे, याची तिने हळुवारपणे आठवण करून दिली. मग ते म्हणाले, आधी पिशवी लावून बघतो.

ते काम रिबेकाचे होते. अशा रुग्णांना सवय व्हावी म्हणून पिशवीत अर्धा पेला कोमट पाणी भरून ती पोटावर चिकटवतात आणि दिवसभर तशीच वागवायला सांगतात. रिबेकाने कातडी पुसली, कोरडी केली, जांभळ्या वर्तुळावर चकती दाबून धरली. चिकटायला तळहाताची ऊब लागते. मिनिटभर तिचा तळहात त्यांच्या पोटावर होता. दोघेही घड्याळाकडे बघत होते.

"चाला आता. बसा, उठा, जेवा. खाली वाकून वर्तमानपत्र उचला."

ते व्हरांड्यात चालले. रिबेका औषधांच्या कपाटापाशी उभी राहून बघत होती. ताठ चालणारा माणूस. आज त्याचा उजवा हात नकळत झग्यावर, पोटापाशी जात होता. बाकावर बसलेला जयसिंगपूरचा एक जुना रुग्ण त्यांना ओळखून उठला, डोळे भरून आलेले, आणि त्यांच्या पाया पडला. त्याला उठवायला चिवटे वाकले. पिशवीतले पाणी हलले. त्याचा कोणाला आवाज आला नाही, पण चिवट्यांच्या चेहऱ्यावर तो ऐकू आल्याचे दिसले. ते तसेच अर्धवट वाकून राहिले, एक हात त्या माणसाच्या खांद्यावर, एक पोटावर, जणू देह सांडू नये म्हणून धरून ठेवलेला.

रिबेकाला आनंद झाला. हा आनंद क्षुद्र आहे, हे तिला माहीत होते. इतक्या वर्षांनी दारात आलेल्याला तिने परत पाठवले नाही. आत घेतले, बसायला दिले.

दुपारी त्यांनी तिला बोलावले. पिशवी त्यांनी स्वतःच उपटून काढली होती. कातडी लाल झाली होती. ते अर्जासमोर बसले होते.

"त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं, अडकलेली हवा आहे," ते म्हणाले.

"वाटलं असेल."

"दहात नऊ वेळा तसंच असतं."

"सहाव्या दिवशी तुम्ही काय लिहिलंत, ते विचारतेय मी. तेव्हा काय वाटलं होतं?"

ते पडद्याकडे वळले. अर्जात नेमकी त्याचीच जागा रिकामी होती: मूळ नोंद चुकीची लिहिण्याचे कारण. त्यांनी बोट पडद्यावर ठेवले. मग लिहिले. रिबेकाने ते त्यांच्या खांद्यावरून वाचले: 'जोड गळल्याचे मला ठाऊक होते. माझे नाव राखण्यासाठी मी हृदयविकार असे लिहिले.' अंगठा टेकवला तेव्हा पाचला वीस मिनिटे होती.

त्या अंगठ्याबरोबर एकतीस रुग्णालयांतला अनुहस्त थांबला. पाया हलला की इमारत रिकामी करायची, असा नियम त्याच्या रचनाकारांनी घालून ठेवला होता. सांगली, लातूर, गोंदिया, पणजी. सगळीकडच्या पडद्यांवर एकच मजकूर आला आणि त्याखाली, रुग्णाच्या नावासह, चिवट्यांचे दोन वाक्यांचे निवेदन, जसेच्या तसे.

नूपुर दहा मिनिटांत आली. तिच्या हातातला फोन वाजत होता आणि ती तो उचलत नव्हती. तिने खुर्ची ओढली नाही.

"सर, हे खरंय?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"शमुवेल आवळे." ती रिबेकाकडे वळली. "सिस्टर, तुमचे कोण?"

"भाऊ."

"म्हणजे कवठ्याच्या बाईंच्या वेळी तुम्हाला माहीत होतं."

"मी तुम्हाला सांगितलं होतं, मॅडम. बुडबुडा, असं म्हणाले होते. तुम्ही ऐकलंत. म्हणून त्या बाई आहेत."

नूपुरने चिवट्यांकडे पुन्हा एकदा पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. ज्याची भाषा बोलायला शिकलो, त्याच्या भाषेतले एक वाक्य अचानक परके वाटावे, तसे काहीसे होते. उद्याची वेळ तीच राहील, असे तिने त्यांना सांगितले. सर हा शब्द तिने त्या वाक्यात वापरला नाही.

*

गुरुवारी सकाळी नवे शिकलेला अनुहस्त चिवट्यांच्या बेंबीतून आत गेला.

रिबेकाने तो हात हजार वेळा पाहिला होता. तो माणसाचा होता तेव्हा आणि यंत्राचा झाला तेव्हाही. विरळ फटीतून तो निघाला, कापसाच्या धाग्यांसारखे तंतू दुभंगत, डावीकडच्या नसेपाशी मंदावत, दोन श्वास थांबत. कितीही द्वेष असला तरी हे सुंदर आहे, हे तिला नाकारता येईना. माणूस खोटा होता, त्याचा हात नव्हता. तीन तासांत रोग आपल्या अखंड आवरणासह बाहेर आला. स्टेपलरने आतड्याची दोन टोके एकमेकांना जोडली. पोकळीत पाणी भरले गेले. खालून हवा सोडली.

पाणी हलले नाही.

हवा बंद झाली. नूपुर पडद्याकडे बघत होती, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे. रिबेका पाण्याकडे.

आणि तो आला. डाव्या कडेने, मागून, मोहरीएवढा. तिने तो सगळ्यांच्या आधी पाहिला. वर येताना तो क्षणभर दिव्याखाली चमकला आणि फुटला.

त्या बुडबुड्याच्या फुटण्यात आणि यंत्राने थांबण्यात किती अंतर होते, ते नोंदीत आहे: एक सेकंद आणि आणखी थोडे. रिबेकाच्या हिशेबात ते फार मोठे होते. त्यात नगरपालिकेचा तलाव मावला, वेलचीचा चहा मावला, मुखवट्यामागचे हसू मावले. तिची जीभ टाळूला लागलेली होती. शब्द एकच होता, चार अक्षरांचा, कवठ्याच्या बाईच्या वेळी तो आपोआप आला होता. या वेळी ती त्याची वाट बघत राहिली, जसे दुसऱ्या कोणाच्या येण्याची वाट बघतात.

मग अनुहस्त थबकला. पडद्यावरची रेघ पिवळी झाली. बाहू मागे सरले आणि पडद्यावर मजकूर उमटला: जोड पुन्हा तपासा.

नूपुरने तपासला. जोडाच्या मागच्या बाजूला दोन मिलिमीटरची फट होती. तिने टाके घातले आणि शिवाय, धोका नको म्हणून, जांभळ्या वर्तुळात तात्पुरते तोंड काढले. तीन महिन्यांनी ते बंद करता येणार होते. चिवटे वाचले.

*

पाचव्या दिवशी त्यांच्या पोटात विष पसरले नाही. खोलीत फुलेही नव्हती. वैद्यक परिषदेची नोटीस आली होती आणि टेबलावर पाकिटातच होती. अनुहस्ताच्या पायाभरणीतून त्यांचे नाव काढावे, हात ठेवावा, असा ठराव झाल्याचे नूपुर सकाळी दारातूनच सांगून गेली होती. रिबेकावरही ठपका ठेवला गेला. आधी केलेल्या सह्यांबद्दल तिची एक वेतनवाढ थांबवण्यात आली. तिने त्या कागदावर वाचून सही केली होती.

पिशवी बदलायला शिकवणे हे तिचे काम होते आणि ते ती करत होती. जुनी चकती वरून खाली, कातडीला धरून, सावकाश सोडवायची. कोमट पाण्याने पुसायचे. तोंडाचे माप घेऊन नवी चकती कापायची. आतड्याचे लालसर तोंड श्वासाबरोबर किंचित हलत होते. चिवट्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे डोळे उघडून पाहिले.

"कात्री वाकडी धरताय," ती म्हणाली.

"चाळीस वर्षं धरतोय."

"तरी वाकडीच धरताय."

त्यांनी पकड बदलली. चकती बरी कापली गेली. ती तिने जागेवर ठेवली आणि त्यांचा तळहात धरून तिच्यावर दाबला. मिनिटभर तसेच राहायचे होते.

"नूपुरकडून मी फीत मागवली," ते म्हणाले. "माझी. बुडबुडा आला ते बघितलं. थिएटरातल्या दुसऱ्या कॅमेऱ्याची फीतही बघितली. त्यात तुम्ही दिसता. तुमची नजर पाण्यावर आहे. तुम्ही तो यंत्राच्या आधी बघितला."

रिबेकाने त्यांच्या तळहातावरून हात काढला नाही. मिनिट व्हायचे होते.

"कवठ्याच्या बाईच्या वेळी तुम्ही लगेच बोललात. तेही मी काढून बघितलं. अर्ध्या सेकंदात." ते थांबले. त्यांच्या आवाजात आता थिएटर नव्हते, वय होते. "मी बुधवारी सही केली नसती, तर यंत्र थांबलं नसतं. बुडबुडा मात्र आलाच असता. तुम्ही तिथेच उभ्या असता. मला एवढंच सांगा, रिबेका. तुम्ही बोलला असता का?"

मिनिट झाले. तिने हात काढून घेतला, चकतीच्या कडेवरून एकदा बोट फिरवून ती नीट चिकटल्याची खात्री केली आणि त्यांच्या अंगावर चादर ओढली. जुनी पिशवी कागदात गुंडाळून झाकणाच्या बादलीत टाकली. हातमोजे काढले, हात धुतले, पुसले. चिवटे तिच्याकडे बघत होते, उशीवरून मान अर्धी उचलून, आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या परिचारिकेच्या ओठांकडे इतके लक्ष लावून.

तिने त्यांच्याकडे पाहिले. मग ट्रॉली पुढे ढकलली आणि पुढच्या खोलीतल्या रुग्णाकडे निघून गेली.